कोरोनाच्या काळात चर्चला कुलूप असताना पाळक आणि मंडळी नेमकं काय करत होते? ऑनलाइन उपासनेने भागलं का?

तुम्ही विचारलंय की महासाथीच्या काळात भारतासारख्या देशात चर्च बंद असताना सेवाकार्य कसं चाललं, मोबाइलवरच्या उपासनेने भागलं का, आणि त्यातलं आज काही शिल्लक आहे का. मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) एका छोट्या प्रोटेस्टंट मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समूहाच्या, पंच कमिटीची (कारभार पाहणाऱ्या समितीची) सचिव होते. त्यामुळे उत्तर मुख्यतः इथलं आहे.

मोबाइलवरच्या उपासनेने भागलं नाही. पण म्हणून काम थांबलं, असंही झालं नाही. ज्या मंडळीत पाळकाला (चर्चच्या धर्मसेवकाला, पास्टरला) घरं माहीत होती, म्हणजे कोणाचा मुलगा कुठे कामाला आहे, कोणाला कसली गोळी चालू आहे, कोणाचं कोणाशी बोलणं नाही, तिथलं काम टिकलं. जिथे रविवारचं स्टेज, साउंड सिस्टीम आणि बाहेरगावचा वक्ता हेच सगळं होतं, तिथले लोक दोन-तीन महिन्यांत विखुरले. दोन्ही प्रकारच्या मंडळ्या आमच्याच तालुक्यात आहेत, म्हणून हे ठामपणे सांगते.

आधी काळाचा अंदाज घ्या, कारण बाहेरच्यांना वाटतं चर्च दोन-तीन महिनेच बंद होतं. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू रविवारीच होता, तो आमचा पहिला बंद रविवार. २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन. झावळ्यांचा रविवार (पाम संडे) ५ एप्रिल, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) १० एप्रिल, ईस्टर १२ एप्रिल, सगळे त्यातच गेले. केंद्राने ८ जूनपासून धार्मिक स्थळं उघडायला परवानगी दिली, पण महाराष्ट्रात ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याच्या दिवशी. त्या नाताळात महापालिका हद्दीत रात्री अकरापासून संचारबंदी होती, त्यामुळे मुंबई-वसईकडे मध्यरात्रीची मिस्सा (कॅथलिक उपासना) संध्याकाळी उरकावी लागली. २०२१ चा ईस्टर ४ एप्रिलला झाला आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा कुलूप लागलं. ते निघालं ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला. म्हणजे दीड वर्षात चर्चचं दार जेमतेम साडेचार महिने उघडं होतं.

आता मोबाइलचं. शहरातल्या मोठ्या चर्चनी यूट्यूबवर उपासना सुरू केली, कॅथलिक धर्मग्रामांनी मिस्सा थेट दाखवली, ते चांगलंच झालं. पण आमच्याकडे निम्म्या घरांत एकच स्मार्टफोन, तो मुलाच्या हातात, आणि जूननंतर त्यावर शाळा. म्हाताऱ्या माणसांकडे बटणांचा फोन. आमच्या पाळकसाहेबांनी मग व्हिडिओचा नाद सोडला आणि साधा कॉन्फरन्स कॉल धरला. एका कॉलवर पाच-सहा जणच मावायचे, म्हणून वाड्या-वस्त्यांप्रमाणे गट पाडले आणि रोज संध्याकाळी एकामागून एक गट घेतला.

ते कॉल कसे चालायचे तेही सांगते, कारण माझ्या मते तीच खरी उपासना होती. सुरुवातीला प्रत्येकाने आपलं नाव सांगून सलाम म्हणायचं. मग पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचायचे, अगदी सावकाश, एक-एक वचन थांबून. गीत म्हणायला गेलं की प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचायचा आणि नुसता कालवा व्हायचा. म्हणून ठरलं की गीत एकानेच म्हणायचं, बाकीच्यांनी मनात. आमच्या एका आजीला ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गीतं तोंडपाठ, त्यांचा आवाज बारीक पण सूर पक्का. बहुतेक वेळा त्याच म्हणायच्या. मग प्रार्थनेचे विषय. आणि त्या विषयांतूनच सगळं कळायचं. कोणी सरळ ‘घरात दाणा नाही’ असं म्हणत नाही. ‘देवाने आमच्या गरजा पुरवाव्यात म्हणून प्रार्थना करा’ असं म्हणतात. हे ओळखायला पाळक घर ओळखणारा लागतो. कॉल संपला की पाळकीणबाई मला फोन करायच्या: अमक्यांकडे तेल-डाळ पोचवायला हवी, तमक्यांची बीपीची गोळी परवा संपतेय.

उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात, ही आमची जुनी रीत. ती आम्ही सोडली नाही. सातही जणांनी घरून रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर पाठवलं, आणि ज्यांच्याकडे व्हॉट्सॲप नव्हतं त्यांना शेजारच्या पोरांनी अंगणात उभं राहून ऐकवलं.

प्रभूभोजनावरून, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस एकत्र घेण्याच्या विधीवरून, मात्र बराच वाद झाला. काही पास्टर म्हणाले, घरीच भाकर आणि द्राक्षरस घेऊन स्क्रीनसमोर बसा. आमच्या वडीलजनांना (मंडळीच्या पुढाऱ्यांना) ते पटलं नाही आणि आम्ही चर्च उघडेपर्यंत थांबलो. मला अजूनही वाटतं थांबणं बरोबर होतं. एकत्र येता येत नाही याचं दुःख लोकांना नीट कळू द्यायला हवं होतं, त्यावर घाईने तोडगा काढायला नको होता. पण ज्यांनी वेगळं केलं त्यांना मी दोष देणार नाही.

पहिल्या लाटेत खरी अडचण पोटाची होती. आमच्या मंडळीतली बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात. मार्चअखेर ती पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर अडकली होती, कोप्यांमध्ये (तात्पुरत्या झोपड्यांत), लेकराबाळांसकट. एप्रिलच्या मध्यानंतर राज्य सरकारने लाखाहून अधिक ऊसतोड कामगारांना घरी परतायची परवानगी दिली, तेव्हा ती आली, पण गावात त्यांना कोणी घेईना. अशा वेळी पाळकसाहेब सरपंचांकडे आणि आशाताईंकडे चकरा मारत होते, शाळेत विलगीकरणाची सोय लावत होते. हे काम कुठल्याच अहवालात ‘सेवाकार्य’ म्हणून येत नाही. एप्रिलपासून केंद्राचं माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू झालं, पण ज्यांचं रेशनकार्ड फाटलेलं, दुसऱ्या गावचं किंवा सुनेचं नाव न चढलेलं, ते बाहेरच राहिले. तरुण संघाच्या मुलांनी तलाठी आणि पुरवठा शाखेत कागद फिरवले. नवीन मोटरसायकल घेतलेला एक मुलगा तर त्या उन्हाळ्यात मंडळीचा पोस्टमनच झाला होता.

ज्यावर फार कमी बोललं जातं ते म्हणजे पाळकांचं स्वतःचं घर. गावाकडच्या पाळकाचं मानधन रविवारच्या दानाच्या थैलीवर आणि उपकारस्तुतीच्या (देवाचे आभार मानण्याच्या) सणात आणलेल्या धान्य-कोंबड्यांच्या लिलावावर चालतं. चर्च बंद म्हणजे थैली बंद. मोठ्या डायोसिसमधले (बिशपच्या हाताखालच्या विभागातले) पाळक कसेबसे तरले, पण स्वतंत्र मंडळ्यांचे पास्टर, ज्यांच्यामागे कुठलीच संस्था नाही, त्यांच्यातल्या काहींनी भाजीची गाडी लावली, काही रोजंदारीवर गेले. लोकांची कामं करताना आपल्या घरात काय शिजतंय हे ते कोणाला सांगत नव्हते. त्यातच सप्टेंबर २०२० मध्ये परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. एका संस्थेला आलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येईनासा झाला, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून पैसे घेऊन खेड्यात काम करणाऱ्या लहान संस्थांचा झराच आटला, आणि तोही ऐन गरजेच्या वेळी. मला हे अजून टोचतं.

आता मरणाचं. महासाथीत चर्चचं सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गरजेचं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी दफनविधी म्हणेन. सुरुवातीला लोकांच्या मनात इतकी भीती होती की मुंबई महापालिकेने ३० मार्च २०२० ला कोरोनाने गेलेल्या सगळ्यांचं दहनच करायचं असा आदेश काढला आणि मग लगेच तो बदलला. पुरल्याने रोग पसरतो हा गैरसमज आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं होतं, तरी चेन्नईत एप्रिल २०२० मध्ये डॉ. सायमन हर्क्युलिस यांच्या दफनाच्या वेळी जमावाने दगडफेक केली. रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या वाट्याला हे आलं. ती बातमी वाचून आमच्या कितीतरी घरांत म्हातारी माणसं विचारायला लागली, आमचं काय होणार?

नियमाने अंत्यविधीला वीस माणसं चालायची, पण कोरोनाने गेलेल्यांच्या बाबतीत तेवढीही नसायची. आमच्या एका शिक्षकांचं दफन मी कब्रस्तानाच्या फाटकापाशी उभं राहून पाहिलं. बायको आणि मुलगी दोघी पॉझिटिव्ह, वेगवेगळ्या वॉर्डात. पालिकेच्या माणसांनी पेटी खाली सोडली. पाळकसाहेब लांब उभे, तोंडाला दोन मास्क, त्यामुळे आवाज दबलेला. मातीला माती म्हणायची वेळ आली तेव्हा ते पुढे झाले, वाकून मूठभर माती घेतली आणि ‘ही यांच्या पत्नीच्या वतीने’ म्हणून टाकली. मग दुसरी मूठ मुलीच्या नावाने, तिसरी थोरल्या भावाच्या नावाने, जे पुण्यात अडकले होते. प्रत्येकाचं पूर्ण नाव घेऊन. पालिकेची माणसं निघायच्या घाईत होती, तीही थांबली. मी हे फोनवर रेकॉर्ड करून मुलीला पाठवलं. यूट्यूबवर कितीही सुंदर उपासना झाली असती, त्या मुलीला ते मिळालं नसतं.

काही घरांना दहन स्वीकारावं लागलं, कारण मृतदेह ताब्यातच मिळाला नाही. कॅथलिक चर्चने १९६३ मध्येच दहनाला मुभा दिलेली आहे, पण आमच्याकडे लोकांना ते फार जड गेलं. अशा घरांसाठी पाळकसाहेबांनी राख कब्रस्तानात पुरून पूर्ण विधी केला, थडग्यावर नावाचा दगडही बसला.

दुसऱ्या लाटेत सेवक स्वतःच गेले. एप्रिल-मे २०२१ मध्ये देशभरात शंभराहून अधिक कॅथलिक धर्मगुरू गेले, मध्य प्रदेशातल्या झाबुआचे बिशप बेसिल भुरिया त्यांतलेच. याच एप्रिलमध्ये केरळात मुन्नारला दक्षिण भारतीय चर्चच्या एका डायोसिसने पाळकांचं निवासी शिबिर भरवलं, त्यातून शंभरावर पाळकांना लागण झाली आणि काही दगावले. तेही आपलेच लोक, तरी लिहिते: ते शिबिर भरवायला नको होतं. विश्वासाच्या नावाखाली सावधगिरी सोडणं हा विश्वास नव्हे. तेव्हा बायबलमधल्या, देव रोगराईपासून राखतो असं सांगणाऱ्या स्तोत्र ९१ चे फोटो सगळीकडे फिरत होते, जणू ते खिशात ठेवलं की रोग शिवणारच नाही. त्याच वेळी मिशनच्या दवाखान्यांत माणसं रात्रंदिवस उभी होती. कॅथलिक हेल्थ असोसिएशनने सुरुवातीलाच आपली हजारावर रुग्णालयं सरकारच्या मदतीला देऊ केली होती. आमच्याच जिल्ह्यात जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० मध्ये सुरू केलेल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने कोरोनाचे रुग्ण सांभाळले. मी त्यांनाही चर्चच म्हणते.

लसीच्या वेळी अफवा उठली की लस म्हणजे बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातला श्वापदाचा शिक्का, सैतानाच्या बाजूच्या लोकांवरची खूण. हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, माणसं खरंच घाबरली होती आणि मोठमोठ्या वक्त्यांचे व्हिडिओ त्यात तेल ओतत होते. पाळकसाहेबांनी वाद घातला नाही. पहिल्या संधीला स्वतः लस घेतली, वडीलजनांना सोबत नेलं, आणि त्या संध्याकाळच्या कॉलवर हात किती दुखतोय हे सांगितलं. कोविनवर नोंदणीचं काम तरुण संघाने घेतलं, आणि त्यात गावातली ख्रिस्ती नसलेली माणसंही आली.

काय तुटलं हेही सांगायला हवं. संडे स्कूलची मोठी मुलं परत आली नाहीत. तेरा-चौदाची मुलं दीड वर्ष घरी राहिली, दृढीकरणाचा (मुलांना मंडळीचे पूर्ण सभासद करून घेण्याचा) वर्ग झाला नाही, आणि चर्च उघडलं तेव्हा ती कॉलेजात किंवा कामावर होती. काही घरांना रविवारी सकाळी टीव्हीवरची प्रवचनं ऐकायची सवय लागली ती सुटत नाही. आणि ज्यांच्या माणसांचा धड निरोप झाला नाही, त्यांच्यापैकी काही जण अजून चर्चच्या मागच्या बाकावर बसतात आणि गीताच्या वेळी बाहेर जातात. त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी मे महिन्यात नावं वाचून स्मरणाची उपासना घेतो.

शिल्लक काय, तर कॉल अजून चालू आहे, दर गुरुवारी, जे चर्चपर्यंत चालत येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी. आणि घरांची एक वही झाली: प्रत्येक घराचं रेशनकार्ड, औषधं, जवळचा फोन नंबर, मरणोत्तर इच्छा. ती पाळक बदलला तरी मंडळीकडे राहते. पाळकांच्या मानधनासाठी वेगळा निधी काढावा, थैलीवर अवलंबून ठेवू नये, असा ठराव मी स्वतः कमिटीत मांडला होता. तो मंजूर झाला, पण निधी अजून तीन महिन्यांच्या मानधनाइतकाही भरलेला नाही. तुम्ही हे एखाद्या अभ्यासासाठी विचारत असाल, तर ज्या पाळकाला भेटाल त्याला त्याच्या घरचं त्या वर्षीचं कसं चाललं, हे जरूर विचारा. स्वतःहून तो सांगणार नाही.