वाचकांचे प्रश्न : ध्वनिमुद्रण शिकण्याचे वय

प्रश्न : माझे वय ५४ आहे. मी हौसेने गातो आणि गिटार वाजवतो. स्वतःची गाणी नीट ध्वनिमुद्रित करावीत, म्हणून प्रौढांसाठीच्या सायंकाळच्या वर्गात नाव घालण्याचा विचार आहे. हा अभ्यासक्रम १२ आठवड्यांचा असून आठवड्याला २ तासांचा एक वर्ग असतो. परंतु इंटरनेटवर सगळे शिकवणारे व्हिडिओ असताना वर्गाची गरज आहे का, या वयात कान साथ देतील का आणि माइक वगैरे आधीच घेऊन ठेवावेत का, याचा उलगडा होत नाही.

उत्तर : कानांची चिंता आधी दूर करू. वयानुसार सर्वांत वरच्या कंप्रतांचे, म्हणजे अगदी उंच, बारीक आवाजांचे, ऐकणे कमी होत जाते हे खरे आहे. परंतु गाण्यातील शब्दांचा स्पष्टपणा मुख्यतः १,००० ते ४,००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो आणि तिथे तुमचा इतक्या वर्षांच्या रियाजाने तयार झालेला कान उपयोगी पडेल. ‘स’, ‘श’ फार टोचतात का, एवढे मात्र वर्गातील एखाद्या तरुण सहाध्यायाला ऐकवून घ्यावे.

सॉफ्टवेअरमधील कोणते बटण काय करते, हे व्हिडिओ पाहून खुशाल शिकावे. पण तुमचे ध्वनिमुद्रण व्हिडिओला ऐकू येत नाही आणि माझ्या मते वर्गाचे खरे मोल तेवढ्यासाठीच आहे. शिक्षकांना विनंती करून एकच ओळ तीनदा मुद्रित करून घ्या : माइकपासून चार बोटांवर, एका वितीवर आणि एका हातावर. बहुतेक गायनाचे माइक एकाच दिशेचा आवाज अधिक टिपणारे असतात. त्यांच्या अगदी जवळ गेल्यास खर्जाचा भाग फुगतो आणि ‘प’, ‘फ’ उच्चारताना हवेचा झोत आदळून धप्प असा आवाज येतो, तर हातभर दूर गेल्यास आवाजापेक्षा खोलीच अधिक ऐकू येऊ लागते. तिन्ही तुकडे ऐकताना त्यांची पातळी सारखी करून घ्यायला विसरू नका, कारण जो तुकडा जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. ही फसगत ओळखता येणे, ही या विद्येतील फार मोठी पायरी आहे.

दुसरी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यामुळे अनेक प्रौढ विद्यार्थी विनाकारण खचतात. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा आला की ताल डळमळतो आणि दोष आपल्याच गळ्याचा आहे असे वाटते. प्रत्यक्षात संगणक आवाजाचे छोटे गठ्ठे करून हाताळतो : सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे आवाजाची क्षणाक्षणाची मोजमापे, घेताना गठ्ठा १,०२४ नमुन्यांचा असेल तर तेवढ्यानेच सुमारे २१ मिलिसेकंदांचा उशीर होतो, १२८ नमुन्यांचा असेल तर ३ मिलिसेकंदांहूनही कमी. मुद्रण करताना ही संख्या कमी ठेवावी आणि मिश्रणाच्या वेळी, म्हणजे मुद्रित झालेले आवाज एकत्र जुळवताना, पुन्हा वाढवावी, म्हणजे संगणकावर ताण येत नाही.

पातळीविषयी थोडक्यात : सॉफ्टवेअरमध्ये २४ बिट (आवाजाचे बारकावे टिपण्याची क्षमता) निवडून मुद्रण करावे आणि सर्वांत मोठा सूरही उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे; या मोजपट्टीवर शून्य ही सर्वांत वरची मर्यादा असते. आवाज शून्यावर आपटून फाटला, तर तो पूर्ववत करणे सहसा साधत नाही.

नाव घालण्यापूर्वी वर्गात किती जण आहेत आणि माइक किती आहेत, हे अवश्य विचारा. तुमच्या अभ्यासक्रमाचे एकूण २४ तास होतात. १५ विद्यार्थी आणि मुद्रणाची एकच जागा असेल, तर शिकवण्याचा वेळ वजा न करताही प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दीड तास येतो. अशा वेळी विद्यार्थी कमी असलेला वर्ग शोधावा, मग तिथली उपकरणे साधी असली तरी चालतील.

स्वतःची खरेदी निदान पहिले तीन आठवडे थांबवा. वर्गातील दोन-तीन माइकांवर गाऊन पाहिल्यावरच आपल्या गळ्याला कोणता मानवतो ते कळते. तोवर कान पूर्ण झाकणारे हेडफोन पुरेत. घरी सराव करताना कपड्यांनी भरलेले उघडे कपाट पाठीशी ठेवून गायलात, तर भिंतींवरून परतणारा आवाज बराच शोषला जाईल. पहिल्या दिवशी एक-दोन मिनिटांचे, अगदी पाठ असलेले गाणे तयार ठेवा, म्हणजे गाताना तुमचे सारे लक्ष माइककडे राहील.