खरं आहे तिथून थोडं हलव

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझी पटकथा वाचून काढली. सांगलीहून न्यू जर्सीला गेलेलं कुटुंब, आजी गेल्याचा रात्रीचा फोन, आणि मग आईचं ते पाऊण पानी स्वगत. 'सर, यातलं सगळं खरं घडलेलं आहे,' असं तू सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस. माझ्या मते घोडं तिथेच अडलंय.

जिम शेरिडनचा 'इन अमेरिका' मिळवून बघ. २००२ मध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. डब्लिनचा हा दिग्दर्शक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बायको-मुलींना घेऊन न्यूयॉर्कला गेला, हेल्स किचन भागात राहिला आणि तिथलं आयरिश आर्ट्स सेंटर त्याने चालवलं. सिनेमातलं आयरिश कुटुंबही हेल्स किचनच्याच एका पडक्या इमारतीत येऊन पडतं. बाप जॉनी नट आहे, ऑडिशन देत फिरतो आणि पोटासाठी टॅक्सी चालवतो. आई सारा आइस्क्रीमच्या दुकानात कामाला लागते. दोन मुली आहेत. तिसरा मुलगा, फ्रँकी, आयर्लंडमध्येच वारलेला.

आता गंमत बघ. शेरिडनचा मुलगा वारलेला नव्हता. वारला होता तो त्याचा भाऊ, आणि त्याचंही नाव फ्रँकीच. तोही मेंदूतल्या गाठीने लहानपणी गेला. सिनेमा त्यालाच अर्पण केलाय. म्हणजे जे दुःख त्याच्या आईवडिलांचं होतं, ते त्याने उचललं आणि स्वतःच्या जागी उभ्या केलेल्या बापाच्या पदरात टाकलं. एवढी एकच गोष्ट हलवली आणि सगळं बदललं. नुसतं स्थलांतर राहिलं असतं तर घरभाड्याची आणि नोकरीची हकिगत झाली असती. आता हा माणूस ऑडिशनला उभा राहतो आणि त्याच्यातून काहीच बाहेर येत नाही, कारण मुलगा गेल्यापासून त्याला रडूच आलेलं नाही. नट म्हणून त्याचं अपयश आणि बाप म्हणून त्याचं गोठलेपण, दोन्हींचं मूळ एकच. तुझ्या पटकथेत वडिलांची नोकरी आणि आजीचा मृत्यू शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांच्या घरी जात नाहीत.

पहिलाच प्रसंग नीट बघ. कॅनडाच्या बाजूने गाडीतून सीमा ओलांडताना अधिकारी विचारतो, मुलं किती? बाप म्हणतो तीन, आई म्हणते दोन. झालं. संपूर्ण सिनेमा त्या दोन आकड्यांच्या फरकात आहे. फ्लॅशबॅक नाही, फोटोला हार नाही. कागदपत्रांच्या चौकशीत, जिथे तोंडातून चुकीचा शब्द गेला तर परत पाठवतील, तिथे हे दुःख बाहेर पडतं. तुझ्या विमानतळावरच्या प्रसंगात मात्र सगळे एकमेकांना 'आता नवं आयुष्य' असं सांगत बसलेत. काढून टाक ते.

आणि वस्तू! परक्या मुलुखात गेलेल्या माणसाची अर्धी शक्ती वस्तूंशी भांडण्यात जाते. उकाड्याने जीव नकोसा झालाय म्हणून जॉनी एक जुना एसी रहदारीतून ओढत आणतो, जिने चढवतो, आणि प्लग बसत नाही. खटपट करून एकदाचा एसी सुरू होतो, तर साऱ्या इमारतीची वीज जाते. मग जत्रेत 'ई.टी.' या सिनेमातल्या परग्रहवासीच्या बाहुलीसाठी चेंडू फेकायच्या खेळात तो दरवेळी डाव दुप्पट करत घरभाड्याचे पैसे लावतो. बायको शेजारी उभी राहून पैसे काढून देते आहे, धाकटी टक लावून बघते आहे. बाहुलीची किंमत काय, आणि हा जिंकायला काय निघालाय! या प्रसंगात 'बापाची इज्जत' हा शब्दही येत नाही. तुझ्या आईच्या स्वगतात तो शब्द तीनदा आहे. ते पाऊण पान फाड आणि एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या आधारे मिळालेल्या आश्रिताच्या व्हिसावर, असल्यामुळे कमावण्याची परवानगी नसलेली ही बाई दुकानात एखादी वस्तू हातात घेऊन, मनात डॉलरचे रुपये करून, परत ठेवते, एवढंच दाखव.

सगळंच डोक्यावर घेऊ नकोस. खाली राहणारा मातेओ, एड्सने मरणारा चित्रकार, मला खटकतो. जिमॉन हून्सूने भूमिका जीव ओतून केली आहे, ऑस्करचं नामांकनही मिळालं. पण एका कृष्णवर्णीय माणसाने मरायचं आणि त्याच सुमारास गोऱ्या कुटुंबाचं बाळ जगायचं, वर इस्पितळाचं बिलही त्यानेच चुकतं करायचं, हा हिशेब फारच सोयीचा आहे. तुझा तो गुजराती शेजारी अडीअडचणीला डबा घेऊन येतो आणि नाहीसा होतो, तोही याच जातकुळीचा. त्याला स्वतःचं एखादं काम दे, एखादा राग दे.

ही पटकथा शेरिडनने एकट्याने लिहिली नाही, हेही सांगून ठेवतो. नेओमी आणि कर्स्टन या दोन मुली सहलेखिका आहेत. तिघांनाही ऑस्करचं नामांकन होतं. म्हणूनच सिनेमा मोठ्या मुलीच्या आवाजात चालतो, तिच्या हातातल्या कॅमेऱ्यातून दिसतो. आईबाप एकमेकांशी जे बोलत नाहीत, ते तिला ठाऊक असतं. कुटुंबाचा भार आपणच वाहतोय हे ती शेवटी बापाला सुनावते, तेव्हा ते खोटं वाटत नाही, कारण इतका वेळ तीच बघत होती.

तू तेव्हा किती वर्षांची होतीस? आठ-नऊ ना? मग तुझ्या पटकथेतली मुलगी पार्श्वभूमीला गृहपाठ का करते आहे? तिला पुढे आण. आणि लिहायच्या आधी आईला फोन कर. त्या फोनच्या रात्री काय झालं, असं विचारू नकोस, ती तेच ठरलेलं सांगेल. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक काय केला होता, ते विचार. भावालाही वेगळं विचार. दोघांची उत्तरं जुळणार नाहीत. ती जुळवायच्या फंदात पडू नकोस, तशीच लिहून काढ.

पुढचा खर्डा सत्तर पानांच्या आत बसव. छापूनच पाठव, मोबाइलवर मला वाचवत नाही.

तुझा,
सर