जुना सर्व्हर व्हर्च्युअल मशीनमध्ये आणला, आता बूट होत नाही. कर्नल (लिनक्सचा गाभा) नव्याने कंपाइल करावा लागेल का?

अजिबात नको. तुम्ही लिहिलंय की अल्मालिनक्स ८ (लिनक्सचाच एक प्रकार) च्या जुन्या सर्व्हरची डिस्क जशीच्या तशी केव्हीएमवर (लिनक्सची व्हर्च्युअल मशीन चालवणारी सोय) आणली, डिस्कचा बस, म्हणजे जोडणीचा प्रकार, व्हर्टआयओ हा खास व्हर्च्युअल मशीनसाठीचा ठेवला आणि आता मशीन ड्रॅकटच्या शेलमध्ये, म्हणजे बूट अर्ध्यात थांबल्यावर दिसणाऱ्या कमांडच्या पडद्यावर, येऊन अडकतं. व्हर्टआयओचे ड्रायव्हर लिनक्समध्ये २००८ पासून आहेत, तुमच्या कर्नलसोबतही आलेले आहेत. फक्त बूटच्या वेळी ते कर्नलच्या हाताशी नाहीत.

बूट होताना कर्नल आधी इनिटरामएफएस ही छोटी फाइल मेमरीत उघडतो आणि तिच्यातल्या ड्रायव्हरच्या जोरावर खरी डिस्क शोधतो. ही फाइल ड्रॅकट नावाचा प्रोग्राम बनवतो, आणि बनवताना समोर जे हार्डवेअर दिसतं, साधारण तेवढ्याचेच ड्रायव्हर आत भरतो. तुमची फाइल जुन्या लोखंडी डब्यावर बनली. तिथे व्हर्टआयओची डिस्क नव्हतीच, मग ड्रायव्हर आत जाणार कसा? तो पडलाय डिस्कवर, आणि ती डिस्क वाचायला तोच हवा. किल्ली घरात ठेवून लॅच लागावं, तसं झालंय.

ग्रबच्या यादीत, म्हणजे मशीन चालू होताना दिसणाऱ्या बूटच्या मेन्यूत, रेस्क्यू नावाची नोंद असते. तिची इनिटरामएफएस सगळ्या प्रकारचे ड्रायव्हर भरून बनवलेली असते. ती निवडा, मशीन बहुतेक सरळ वर येईल. नेटवर्क नाही आलं तरी घाबरू नका, कन्सोलवरून काम भागतं. रूट होऊन ड्रॅकट चालवा, सोबत फोर्स आणि रिजनरेट-ऑल हे दोन पर्याय द्या, म्हणजे जुन्या इनिटरामएफएसच्या जागी नवी बनेल. रीबूट करण्याआधी एलएसइनिटआरडी या कमांडने नव्या फाइलमध्ये व्हर्टआयओ-ब्लॉक हा डिस्कचा ड्रायव्हर आहे ना, हे डोळ्यांनी बघा. ही पायरी कृपा करून गाळू नका. एफएसटॅब ही डिस्क कुठे जोडायच्या याची यादी असलेली फाइलही उघडा: तिथे डिस्कचं नाव एसडीए लिहिलं असेल तर आता ते व्हीडीए झालंय. कायमचा उपाय म्हणून नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, लिहा.

रेस्क्यूची नोंद नसेल तर डिस्कचा बस तात्पुरता साटा (साध्या डिस्कची नेहमीची जोडणी) करून बघा. जुन्या सर्व्हरला रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड) असेल तर तेही चालेलच असं नाही. मग इन्स्टॉलेशनच्या आयएसओवरून बूट करून सीएचरूट करावं लागतं, म्हणजे तिथून डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरून ड्रॅकट चालवावा लागतो.

कर्नल स्वतः बनवणाऱ्यांनी व्हर्टआयओचे पीसीआय आणि ब्लॉक हे दोन्ही ड्रायव्हर मॉड्यूल (वेगळ्या फाइली) न ठेवता थेट कर्नलमध्ये घ्यावेत. तुम्हाला त्याची गरज नाही.

मी सांगलीत मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचे सर्व्हर असेच हलवून देतो. हळदीचे सौदे चालू असताना या कामाला हात लावत नाही, दुकान बंद झाल्यावरच बसतो. तुम्हीही तसंच करा. जुना डबा महिनाभर तरी पुसू नका, पण त्याची नेटवर्क केबल काढून ठेवा. दोन्ही मशिनी एकाच आयपीवर आल्या तर बिलिंग कुठल्या डेटाबेसमध्ये गेलं, हे शोधत बसावं लागेल.