बॉक्स ८ मधले ६,३०० डॉलर आणि तुमची दहा तारीख

प्रश्न: न्यू जर्सीत एका भारतीय रेस्टॉरंटमध्ये मी सर्व्हर आहे. कार्डावरची टिप पगाराबरोबर मिळते, रोख टिप आम्ही रोज रात्री आपसात वाटून घेतो. २०२५ च्या डब्ल्यू-२ वर (मालकाने दिलेला वर्षाचा पगार-कराचा दाखला) बॉक्स ७ मध्ये ४,२०० डॉलर आहेत आणि बॉक्स ८ मध्ये ६,३००. मालक म्हणतात, टिपवर आता टॅक्सच नाही, विसरून जा. रिटर्न अजून भरलेलं नाही. डब्ल्यू-२ दुरुस्त करून मागू का?

उत्तर: मागू नका. मिळणार नाही, कारण तुम्ही सांगता त्यावरून तरी त्यात चूक दिसत नाही. रिटर्नचा मोसम आला की हा प्रश्न येतोच, आणि दर वेळी राग मालकावर असतो. मालकाकडे नंतर येऊ. आधी तुमची दहा तारीख.

एखाद्या महिन्यात २० डॉलर किंवा जास्त टिप मिळाली, तर पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत ती मालकाला लेखी कळवायची असते. हे काम तुमचं, मालकाचं नव्हे. तुमचं नाव, पत्ता, सोशल सिक्युरिटी नंबर, मालकाचं नाव-पत्ता, कालावधी, एकूण रक्कम आणि सही, एवढा एक कागद. तो वर्षातून बारा वेळा द्यायचा होता, तुम्ही एकदाही दिला नाही. कार्डावरची टिप यंत्रात नोंदली जाते म्हणून ती बॉक्स ७ मध्ये, म्हणजे कळवलेल्या टिपच्या रकान्यात, पोचली. रोख टिप खिशात गेली. जे कळवलंच नाही ते मालकाने बॉक्स ७ मध्ये लिहायचं कुठून?

मग ६,३०० आले कुठून? रोज साधारण दहापेक्षा जास्त माणसं कामाला असलेल्या, बसून खायच्या रेस्टॉरंटला दरवर्षी आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, विक्री आणि टिप दाखवणारा फॉर्म ८०२७ भरावा लागतो. पार्सलची विक्री आणि १० टक्के किंवा जास्त सर्व्हिस चार्ज लावलेली बिलं वगळून जी विक्री उरते, तिच्या ८ टक्क्यांपेक्षा सगळ्यांनी मिळून कळवलेली टिप कमी भरली, तर तूट कमी कळवणाऱ्यांच्या नावावर वाटली जाते. तीच बॉक्स ८. हा अंदाज आहे. तो बॉक्स १, ३, ५, ७ यांपैकी कशातच धरलेला नसतो आणि त्यावर एक सेंटही कापलेला नसतो. आयआरएसला मात्र तो दिसतो.

आता 'टिपवर टॅक्स नाही' याबद्दल. जुलै २०२५ च्या कायद्याने २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी टिपची वजावट दिली आहे, वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत. ती फक्त फेडरल आयकरातून. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के तसेच द्यावे लागतात. आणि सगळं अडतं ते इथे: वजावट मिळते डब्ल्यू-२ वर आलेल्या टिपची, किंवा तुम्ही स्वतः फॉर्म ४१३७ वर (मालकाला न कळवलेल्या टिपवरचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कर मोजायचा फॉर्म) दाखवलेल्या टिपची. नुसती बॉक्स ८ मध्ये पडलेली रक्कम यात बसत नाही.

म्हणून ४१३७ भरा. त्यावरचा टिपचा आकडा १०४० च्या, म्हणजे मुख्य रिटर्नच्या, १सी ओळीत जातो. पुष्कळ जण, आणि घाईतले काही टॅक्सवालेही, बॉक्स ८ ची रक्कम थेट १सी मध्ये लिहून मोकळे होतात. मग उत्पन्न वाढतं आणि वजावट हातची जाते. तुमचा हिशेब असा: ६,३०० चे ७.६५ टक्के म्हणजे सुमारे ४८२ डॉलर, रिटर्नबरोबर भरायचे. ही टिप तुमच्या सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत कमाई म्हणून धरली जाते, पैसे पाण्यात जात नाहीत. वजावट मागायची दोन्ही बॉक्स मिळून १०,५०० ची, शेड्यूल १-ए या १०४० ला जोडायच्या पुरवणीवर. विवाहित असाल तर रिटर्न जोडीनेच भरावं लागेल.

न कळवल्याचा दंड त्या ४८२ च्या निम्मा, म्हणजे २४१ डॉलरपर्यंत लागू शकतो. सबळ कारण असेल तर निवेदन जोडून माफी मागता येते. 'नियम ठाऊक नव्हता' एवढ्यावर भागेल असं मी म्हणणार नाही.

६,३०० हा आकडा मान्य नसेल तर रोजची वही हवी: तारीख, रोख टिप, कार्डावरची टिप, बसर (टेबलं आवरणारा) किंवा बारवाल्याला दिलेला वाटा. तुमच्याकडे ती नाही, असं पत्रावरून दिसतं. खरी टिप कमी असल्याचं नोंदींनी दाखवता आलं तरच कमी लिहिता येतं. जास्त असेल तर जास्तच लिहायची. शिफ्टचं वेळापत्रक, बँकेत भरलेली रोकड, टिप वाटल्याच्या चिठ्ठ्या जमवून पाहा, पण आज बसून एका शाईने लिहिलेली वही कुणाला दाखवू नका.

बॉक्स ७ ही एकदा तपासा. मोठ्या टेबलांच्या बिलात १८ टक्के आपोआप लावले जात असतील, तर कायद्याने ती टिप नाही, सर्व्हिस चार्ज आहे. पगारासारखी बॉक्स १, ३, ५ मध्ये जाते आणि तिच्यावर वजावट नाही. मालकाने ती ७ मध्ये घातली असेल तर मात्र दुरुस्त डब्ल्यू-२सी जरूर मागा.

मालक एवढे निर्धास्त का, ते कळत नाही. फिओर द'इटालिया खटल्यात २००२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं, की कार्डाच्या पावत्यांवरून अख्ख्या रेस्टॉरंटच्या टिपचा अंदाज बांधून आयआरएस मालकाकडून त्याच्या वाट्याचा कर वसूल करू शकते. तो त्यांचा प्रश्न; तुमचा फॉर्म त्यासाठी अडवू नका. रात्रीच्या वाटणीत मालक किंवा मॅनेजर हिस्सा घेत असतील तर ते फेडरल कायद्याने बेकायदा आहे, पण ती वेगळी तक्रार. न्यू जर्सीचा राज्य आयकर ही वजावट आपोआप मानत नाही, तेव्हा तिथला हिशेब वेगळा लावून घ्या. व्हिसाचा काही गुंता असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा.

मुदत १५ एप्रिल २०२६. कागद जमत नसतील तर फॉर्म ४८६८ ने रिटर्नला सहा महिने मिळतात; ४८२ डॉलर मात्र एप्रिलमध्येच भरायचे, नाहीतर व्याज सुरू होतं.