दलित साहित्य १९७० नंतरच सुरू झालं का?

चळवळ म्हणून विचारत असाल तर तिला खरा जोर साधारण तेव्हाच आला, १९७२ ला दलित पँथर ही दलित तरुणांची संघटना आली. पण लिखाण म्हणाल तर थेट १८५५ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी ती. निबंध म्हटलं की आपल्याला ‘माझा आवडता ऋतू’ आठवतो. ही पोरगी मात्र विचारते की वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्म कोणता? आम्ही धर्माविनाच म्हणायचे का?

मला सगळ्यात जास्त लागतो तो बाळंतपणाचा भाग. बाई बाळंत होते तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात तिचे काय हाल होत असतील, असं ती लिहिते. एवढी घरगुती गोष्ट त्या काळी छापून आणणं म्हणजे खायचं काम नव्हतं. शिवाय ती नुसतं गाऱ्हाणं मांडून थांबत नाही. आपल्याच मांग-महार बांधवांना ज्ञानाचं औषध घ्या म्हणून बजावते.

निबंध जेमतेम काही पानांचा आहे, एका बैठकीत वाचून होतो. भाषा जुनी असली तरी अडत नाही.