आधी ओव्हर दे, मग बायोडेटा लिहू

"मॅडम, अकरा ठिकाणी अर्ज दिले. एकाही इस्पितळातून फोन आला नाही. चार वर्षं घरी बसले, म्हणून असेल का?"

नोकरीचे बायोडेटा आणि अर्ज लिहायला मी मदत करते. डिचोलीतल्या माझ्या कार्यालयात समोरच्या खुर्चीत बसता बसताच तिने हे विचारलं आणि पर्समधून चार पानांचा बायोडेटा काढून टेबलावर ठेवला. तिला इथे सुजाता म्हणते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. वय तेहेतीस, माहेर सत्तरीतलं, सासर डिचोली तालुक्यात. बेळगावला जीएनएम (परिचारिकेचा डिप्लोमा) झालं, त्यानंतर उत्तर गोव्यातल्या एका खासगी इस्पितळात सहा वर्षं स्टाफ नर्स. २०२१ मध्ये सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला आणि तिने नोकरी सोडली. सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. मुलगा शाळेत जायला लागला. आता तिला पुन्हा युनिफॉर्म घालायचा होता.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक परिचारिकांची हीच काळजी असते. मध्ये खंड पडला, मोठ्या इस्पितळाचं नाव पाठीशी नाही, इंग्रजी बेताचं, मग आपल्याला कोण बोलावणार? मी बायोडेटा वाचला. पहिल्या अर्ध्या पानात वडिलांचं नाव, नवऱ्याचं नाव, धर्म, उंची, वजन, आधार क्रमांक. मग नेटवरून उतरवलेलं एक 'ध्येय', ज्यात संस्थेच्या प्रगतीबरोबर स्वतःची प्रगती साधायची होती. सहा वर्षांच्या नोकरीला मात्र तीनच ओळी: रुग्णांची काळजी घेणे, औषधे देणे, डॉक्टरांना मदत करणे. शेवटी छंद, आणि वरील सर्व माहिती खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र.

पहिल्या भेटीत मी घाई केली, हे सांगायला हवं. मी धर्म-उंची-वजन काढलं, आधार क्रमांक तर लगेच काढायला लावला (तो अनोळखी लोकांच्या ईमेलमध्ये फिरता कामा नये), इंग्रजी सुधारलं, चार पानांची दोन केली. कागद देखणा झाला. तिने तो आणखी तीन ठिकाणी पाठवला आणि तीन आठवड्यांनी परत आली. फोन नव्हताच. मी नीटनेटकं केलं होतं ते रिकामं पानच होतं. त्या तीन ओळी गोव्यातल्या कुठल्याही परिचारिकेच्या नावाखाली खपल्या असत्या.

दुसऱ्या भेटीत मी बायोडेटा बाजूला ठेवला. म्हटलं, "मला तुझी एक नाईट सांग. लक्षात राहिलेली कुठलीही."

ती जरा थांबली. मग म्हणाली, "चवथीच्या आदल्या रात्रीची सांगू? अर्धा स्टाफ रजेवर होता."

चोवीस खाटा, दोन सिस्टर आणि एक आया. संध्याकाळी एका बाईची साधी प्रसूती झाली होती, बाळ चांगलं होतं. मध्यरात्रीनंतर सुजाता फेरीला गेली तेव्हा बाई नुसती "झोप येतेय" म्हणाली. तिचा चेहरा सुजाताला बरा वाटला नाही. नाडी १२४, बीपी ९० वर ६०, थोड्या वेळापूर्वी बदललेला पॅड पूर्ण भिजलेला. तिने पोटावर हात ठेवला. गर्भाशय आवळून घट्ट झालेलं असायला हवं होतं, ते मऊ लागलं. तिने तिथूनच मसाज सुरू केला, दुसऱ्या सिस्टरला डॉक्टरांना फोन लावायला सांगितलं, दुसऱ्या हाताला अठरा नंबरचं हिरवं कॅन्युला लावलं, डॉक्टरांनी फोनवर सांगितलेलं ऑक्सिटोसिन परत म्हणून दाखवून मगच सुरू केलं, कॅथेटर घातला. १०८ बोलावली. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि गोमेकॉला, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, हलवायचं ठरवलं. सुजाता रुग्णवाहिकेत बाईबरोबर तिथपर्यंत गेली.

"आणि तिथे?"

"तिथे काही नाही. मी कागदावर सगळं लिहून नेलं होतं. तिथल्या सिस्टरने तो वाचला, बाईला आत घेतलं. ती वाचली."

"त्या कागदावर काय लिहिलं होतंस?"

तिने न अडखळता सांगितलं. प्रसूतीची वेळ, अंदाजे रक्तस्राव, वेळेसह नाडी आणि बीपी, दिलेली औषधं आणि त्यांच्या वेळा, लघवी किती, रक्तगट, सोबत कोण नातेवाईक. चारपाच वर्षांनंतरसुद्धा क्रम चुकला नाही.

मी तिला म्हटलं, "सुजाता, तू हा ओव्हर दिलास. तुझ्या बायोडेटात ओव्हरच नाही."

परिचारिकांना ओव्हर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. पाळी बदलताना पुढच्या सिस्टरच्या हाती रुग्ण सोपवायचा, तेव्हा "रुग्णाची काळजी घेतली" असं कोणी म्हणत नाही. खाट क्रमांक, निदान, काय झालं, काय दिलं, कशावर नजर ठेवायची, एवढंच सांगतात. आलेला बायोडेटा वाचणारी मेट्रन (मुख्य परिचारिका) किंवा इनचार्ज स्वतः वर्षानुवर्षं ओव्हर घेत आलेली असते. तिला तेच हवं असतं: किती खाटा, कसले रुग्ण, रात्री किती जणी, कुठली यंत्रं हाताळलीस, तुझ्यावर काय सोपवलं होतं. नेटवरचं ध्येयवाक्य वाचून तिला यातलं काहीच कळत नाही.

मग आम्ही कामाला लागलो. मी तिला इंग्रजीत लिहायला सांगितलं नाही. ती मराठीत सांगत गेली, मी विचारत गेले, शेवटी त्याची छोटी इंग्रजी वाक्यं केली. इंग्रजीची भीती वाटणाऱ्या प्रत्येकीला मी ही वाट सुचवते. वाक्य दहा-बारा शब्दांचं असलं की चुकायला जागाच कमी राहते.

त्या तीन ओळींच्या जागी काय काय आलं! चोवीस खाटांचं इस्पितळ, मेडिसिन, सर्जरी आणि बाळंतिणी एकाच मजल्यावर. रात्रपाळीत दोन परिचारिका, त्यांत शेवटची तीन वर्षं ती ज्येष्ठ. सिरिंज पंप, मल्टिपॅरा मॉनिटर, नेब्युलायझर, सक्शन. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात प्राथमिक उपाय आणि रुग्णाबरोबर मोठ्या इस्पितळापर्यंत जाणं. इन्सुलिन आणि पोटॅशियमसारखी धोक्याची औषधं देण्यापूर्वी दुसऱ्या सिस्टरकडून तपासून घेण्याची सवय. नव्या मुलींना दाखल्याचे कागद भरायला शिकवणं. २०२० मध्ये इस्पितळात कोविडसाठी वेगळा कक्ष काढला, त्यात तिने पाळ्या केल्या होत्या. पीपीई घालणं-उतरवणं ती इतरांना शिकवत होती. हे तिने लिहिलंच नव्हतं. "ते सगळ्यांनीच केलं," म्हणाली. ज्या इस्पितळाला एनएबीएचचं, म्हणजे इस्पितळांच्या दर्जाचं, मानांकन घ्यायचं असतं किंवा टिकवायचं असतं, तिथे नोंदी चोख ठेवणाऱ्या सिस्टरची किंमत फार असते, आणि हिला वाटत होतं की ते सांगण्यासारखं नाही. मला याचं खरोखर वाईट वाटतं. ज्या बायका रात्रभर दुसऱ्याचा जीव सांभाळतात त्या स्वतःच्या कामाला 'ड्युटीच तर केली' म्हणून झाकून टाकतात.

अर्थात रुग्णाचं नाव, गाव, तारीख यातलं काही बायोडेटात येता कामा नये. घटना सांगायची, माणूस नाही.

भाषांपाशी तर मी चकितच झाले. तिने लिहिलं होतं: इंग्रजी, हिंदी, मराठी. मी म्हटलं, "कोकणी?" "ती तर येतेच की!" "आणि बेळगावात तीन वर्षं काढलीस ती?" "कन्नड बोलते ना. वॉर्डात मलाच बोलवायचे." गोव्यात बांधकामावर, बाजारात, बंदरावर कामाला आलेली कन्नड बोलणारी माणसं किती आहेत हे इस्पितळवाल्यांना चांगलं माहीत असतं. दुखतंय कुठे हे रुग्णाला त्याच्या भाषेत विचारता येणं ही वॉर्डातली मोठी सोय आहे. कोकणी आणि कन्नड आता पहिल्या पानावर गेल्या.

नोंदणीच्या ओळीतही चूक होती. 'इंडियन नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत' असं तिने लिहिलं होतं. परिचारिकेची नोंदणी राज्याच्या परिषदेत होते. हिची आधी कर्नाटकच्या परिषदेत झाली आणि गोव्यात आल्यावर गोवा नर्सिंग कौन्सिलकडे. बाहेर शिकून आलेल्या मुली इथेच गोंधळतात. गोव्याचा नोंदणी क्रमांक आणि त्याची मुदत वरच्या भागात लिहिली, म्हणजे वाचणाऱ्याला शोधावं लागत नाही. बीएलएसचं (जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं) कार्ड मात्र केव्हाच बाद झालं होतं. ते दोनच वर्षं चालतं. तिने एका दिवसाचा कोर्स पुन्हा केला. घरी बसून फोनची वाट बघण्यापेक्षा त्या एका दिवसाने तिला जास्त धीर दिला असं मला दिसलं.

मग आयसीयूचा प्रश्न आला. एका मैत्रिणीने तिला सल्ला दिला होता, "आयसीयू दोन वर्षं असं लिही, सगळ्या लिहितात." तिच्या जुन्या इस्पितळात दोन खाटांची एक खोली होती, तिला सगळे आयसीयू म्हणत. मॉनिटर, ऑक्सिजन, सिरिंज पंप होते, व्हेंटिलेटर नव्हता. मी ठाम नाही म्हटलं. मुलाखतीत व्हेंटिलेटरच्या अलार्मवर पहिला प्रश्न आला की खोटं उघडं पडेल, आणि तिथे उघडं पडलं नाही तर रुग्णाच्या खाटेशी पडेल. आम्ही लिहिलं: दोन खाटांच्या देखरेख कक्षात काम, व्हेंटिलेटरचा अनुभव नाही, शिकण्याची तयारी. "नाही असं लिहायचं?" ती घाबरली. लिहायचं. जी बाई स्वतःहून 'हे मला येत नाही' म्हणते, तिच्या बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो.

चार वर्षांच्या खंडाचं काय? तिला वाटत होतं सासूबाईंची शुश्रूषा 'होम नर्सिंग' म्हणून नोकरीच्या रकान्यात घालावी. राईल्स ट्यूबने (नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने) भरवणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखम होऊ न देणं, हे सगळं तिने केलं होतं आणि ते कसबाचं काम आहे यात शंका नाही. तरीही ते नोकरीत नको असं माझं मत होतं. त्याला दाखला नाही, वरिष्ठ नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं काहीतरी लपवायचा प्रयत्न आहे. खंडाच्या जागी एकच सरळ ओळ लिहिली: २०२१ ते २०२५, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची घरी पूर्ण वेळ शुश्रूषा. माफी मागणारा एकही शब्द नाही.

अर्जासोबतच्या पत्राची गत अशी होती की एकच पत्र सगळीकडे गेलेलं, त्यातल्या तिघांना दुसऱ्याच इस्पितळाचं नाव घालून. 'मी कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ आहे' यापलीकडे त्यात काही नव्हतं. नवं पत्र अर्ध्या पानाचं केलं. त्याचा मराठी गाभा असा:

'आपल्या प्रसूती विभागासाठी स्टाफ नर्सच्या जागेची जाहिरात वाचली. मी जीएनएम असून गोवा नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणीकृत आहे. चोवीस खाटांच्या इस्पितळात सहा वर्षं काम केलं, त्यात रात्रपाळीत बाळंतिणी आणि नवजात बाळांची जबाबदारी माझ्याकडे असे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव वेळीच ओळखून प्राथमिक उपाय करण्याचा व रुग्णाला सुखरूप हलवण्याचा अनुभव आहे. कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये रुग्णांशी बोलू शकते. कौटुंबिक शुश्रूषेसाठी २०२१ पासून नोकरीबाहेर होते; यंदा बीएलएस पुन्हा पूर्ण केलं आहे. तिन्ही पाळ्या करू शकते आणि लगेच रुजू होऊ शकते.'

दर इस्पितळासाठी पहिलं वाक्य बदलायचं आणि त्यांच्या जाहिरातीत जे मागितलं असेल ते अनुभवाच्या वाक्यात पुढे आणायचं. शल्यविभागाची जागा असेल तर बाळंतिणी मागे जातात, ड्रेसिंग आणि ऑपरेशननंतरची देखरेख पुढे येते.

सरकारी जागांचं गणित वेगळं, हे तिला आधीच सांगितलं. तिथे पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागतो, कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं, मराठीचं असल्यास चांगलं, आणि निवड ठरलेल्या नमुन्यातल्या अर्जावर आणि परीक्षेवर होते. तिथे सुंदर पत्र काही करत नाही. तो दाखला, गुणपत्रिका, नोंदणी यांची फाईल तयार ठेव आणि जाहिरातीवर लक्ष ठेव, एवढंच.

तिने पाच ठिकाणी नवे कागद पाठवले. फाईलला स्वतःचं नाव आणि 'स्टाफ नर्स' असं नाव दिलं, फोटोऐवजी पीडीएफ पाठवली. तीन ठिकाणांहून फोन आले. एकाने व्हेंटिलेटर येत नाही म्हणून फोनवरच नकार दिला. ती मला म्हणाली, "वाईट वाटलं नाही, मॅडम. त्यांना काय हवं होतं ते तरी कळलं." दुसऱ्यांनी पगार इतका कमी सांगितला की म्हापशापर्यंत रोज कदंबच्या बसने जाऊन-येऊन हातात फारसं काही उरलं नसतं, तिने विचार करून नाही म्हटलं.

तिसऱ्या ठिकाणी मेट्रनने स्वतः मुलाखत घेतली. खंडाविषयी एकच प्रश्न आला: "आता घरी कोण आहे?" नवरा आणि जाऊ मुलाला बघतील, असं तिने सांगितलं. बाकी वेळ त्या नव्या ओळींवरच गेला. रात्री दोघीच होता तर खाटा कशा वाटून घ्यायचात, फोनवरची ऑर्डर लिहून कशी ठेवायचात, नंतर डॉक्टरांची सही कधी घ्यायचात. शेवटी त्यांनी विचारलं, "रात्री दीड वाजता बाळंतीण म्हणते झोप येतेय. तू काय करशील?"

सुजाता म्हणाली, "मॅडम, आधी तिच्या पोटावर हात ठेवीन."

पुढच्या सोमवारपासून तिला प्रसूती विभागात घेतलं. पहिला महिना दिवसपाळी आहे, त्यानंतर नाईट.