वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचा कृष्णवर्णीय माणूस

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. वर्गात अमेरिकी चित्रपटांचा विषय निघाला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, की कृष्णवर्णीय पात्र गुंड दाखवले तर त्याला पूर्वग्रह म्हणणे समजते. पण ते प्रेमळ आणि समंजस दाखवले तरी समीक्षक नाके का मुरडतात? त्याला काय सांगावे?
– एक शिक्षिका, अंबाजोगाई

उत्तर : तुमच्या विद्यार्थ्याने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. पात्र चांगले की वाईट, एवढ्याच मापाने मोजायला गेले की साचा हातून निसटतो, कारण साच्यातली पात्रे पुष्कळदा गोडच असतात. १९३९ सालच्या ‘गॉन विथ द विंड’मधली मॅमी, म्हणजे गोऱ्या मालकाच्या घरातली गुलाम दाई, पाहा. मेजवानीला निघालेल्या मालकाच्या मुलीच्या, स्कार्लेटच्या, कमरेचा पट्टा ती आवळून बांधते आणि चारचौघांत मुलीच्या जातीने अधाशासारखे खाऊ नये म्हणून घरूनच पोटभर खाऊन जा, असे तिला हक्काने दटावते. प्रेक्षकाला ती आवडते, आवडावी अशीच ती रंगवली आहे. मात्र जवळपास चार तासांच्या त्या चित्रपटात तिला मॅमी याखेरीज स्वतःचे नाव नाही, तिचे गणगोत कुठे आहे हे आपल्याला कळत नाही, आणि गुलामगिरी संपल्यावरही त्या घराबाहेर आपले काही आयुष्य असावे असे तिच्या मनात आल्याचे दिसत नाही. ही भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल यांना १९४० साली ऑस्कर मिळाले. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. त्या समारंभात त्यांना सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या मेजावर बसवण्यात आले होते, आणि अटलांटा येथील पहिल्या खेळाला तर तिथल्या वर्णभेदी नियमांमुळे त्यांना जाताही आले नव्हते.

आता याच्या शेजारी १९१५ सालचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ ठेवा. त्यात चेहरा काळा रंगवलेले गोरे नट कृष्णवर्णीय पुरुषांना गोऱ्या स्त्रियांच्या मागे लागलेले नराधम म्हणून उभे करतात आणि कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचे स्वार तारणहार होऊन येतात. ही संघटना त्याच वर्षी नव्याने उभी राहिली. वरवर पाहता मॅमी आणि हा नराधम ही दोन टोके आहेत. प्रत्यक्षात गुलामांचे मालक जे सांगत आले, तेच ही दोन्ही पात्रे मिळून सांगतात : आमच्या ताब्यात ही माणसे सुखी असतात, मोकळी सोडली की धोकादायक होतात. प्रेमळ पात्रावरही आक्षेप येतो तो यामुळे.

साचे काळानुसार कपडे बदलतात. सिडनी पॉइटिए या कृष्णवर्णीय नटाला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर १९६४ साली मिळाले, आणि त्याच दशकात अशीही टीका झाली की त्यांच्या वाट्याला येणारी माणसे इतकी निर्दोष असतात की ती माणसे वाटत नाहीत. पुढे दिग्दर्शक स्पाइक ली यांनी २००१ च्या सुमारास दैवी शक्ती असलेल्या कृष्णवर्णीय पात्रांवर कोरडे ओढले. ‘द ग्रीन माइल’ या चित्रपटातला असा कृष्णवर्णीय कैदी इतरांची दुखणी आपल्या अंगावर घेऊन त्यांना बरे करतो, स्वतःच्या सुटकेसाठी मात्र तो काही करत नाही आणि शेवटी विजेच्या खुर्चीवर जातो.

म्हणून विद्यार्थ्यांना पारख शिकवताना असे विचारायला लावा, की या पात्राला स्वतःसाठी काही हवे आहे का, गोरा नायक दृश्यात नसताना ते कोणाशी आणि कशाविषयी बोलते, आणि कथेत ते आपल्या समाजाचे एकटेच असल्यामुळे साऱ्या समाजाचे ओझे त्याच्यावर पडले आहे का. खलनायक कृष्णवर्णीय असला म्हणून चित्रपट आपोआप दोषी ठरत नाही. त्याच्या दुष्टपणाला त्याच्या त्वचेपलीकडचे कारण असले म्हणजे पुरे. मुलांना हे पटायला जड जाऊ नये. मराठवाडी बोलणारा माणूस मालिकेत दिसला की तो गडी तरी असणार नाहीतर गावंढळ पुढारी, हे त्यांनी पुष्कळदा पाहिलेले आहे. तुलनेसाठी ऑस्कर मिशॉ या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा १९२० सालचा ‘विदिन अवर गेट्स’ हा मूकपट दाखवा. त्याची नायिका शिक्षिका आहे आणि गरीब मुलांच्या शाळेसाठी पैसे गोळा करत ती उत्तरेकडे जाते.

प्रश्न : आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मलिक अंबरवर नाटुकले बसवायचे आहे. त्या भूमिकेसाठी मुलाचे तोंड काळे रंगवावे का?
– एक पालक, खुलताबाद

उत्तर : रंगवू नये. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करत आणि प्रेक्षक खदखदून हसत. त्या रंगामागे हा इतिहास आहे. शिवाय आपल्या गावात ज्याची कबर आहे, त्याची ओळख पटवायला काजळी लागावी, हे मला तरी विचित्र वाटते. हबसाणातून, म्हणजे आजच्या इथिओपियातून, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. १६१० साली त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि तिथे नहरीने पाणी आणले. त्याची जमीनमहसुलाची पद्धतही नावाजली गेली. जहांगीर बादशहाला तो रणात कधी हाती लागला नाही, तेव्हा दरबारी चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बादशहा बाण सोडत असल्याचे चित्र काढले. अंबर त्यानंतर दहा वर्षे जगला आणि १६२६ साली म्हातारपणी वारला. त्याच्या मृत्यूची नोंद करताना मुघलांच्याच इतिहासकार मुतमद खानाने युद्धात, निर्णयात आणि कारभारात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता असे लिहून ठेवले. बादशहा त्या चित्राकडे पाहतो आहे आणि तेवढ्यात अंबरच्या फौजेची खबर घेऊन जासूद येतो, एवढा एक प्रवेश घातला तरी नाटुकले उभे राहील. दुसऱ्या प्रवेशात नहरीचे काम चालू असताना कारागिरांशी खापरी नळांविषयी बोलणारा अंबर दाखवावा.